चारशे मीटर कोरडी वाळू

लॉस एंजेलिसच्या वायव्येला साधारण दीडशे किलोमीटरवर सांता बार्बरा आहे. तिथल्या विद्यापीठाच्या पश्चिमेला सँड्स नावाचा किनारा आहे. पुळणीच्या वरच्या, कोरड्या भागात खुंट्या रोवून त्यांना दोरी बांधली आहे. भिंत नाही, जाळी नाही, मनात आणलं तर कुणीही वाकून पलीकडे जाईल. या दोरीआड जेमतेम चारशे मीटर लांबीची वाळू स्नोई प्लव्हर नावाच्या चिमुकल्या पक्ष्यासाठी राखलेली आहे. ती का राखावी लागली, राखल्याने काय साधलं आणि काय साधलं नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. मोकळ्या निसर्गात फिरायचा लोकांचा हक्क आणि तिथे राहणाऱ्या जिवांची गरज, यात कुणाचं किती कापायचं याचा हिशेब आधी मोजमाप करून मांडलेली उदाहरणं फार थोडी. हे त्यातलं एक.

गाव कसं आहे

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सांता बार्बरा आवार १९५४ साली आजच्या जागी, समुद्राला लागून असलेल्या पठारावर आलं. आवाराला खेटून इस्ला व्हिस्टा नावाची वस्ती आहे. एक चौरस मैलसुद्धा भरणार नाही एवढ्या जागेत वीस हजारांच्या आसपास माणसं राहतात, आणि त्यातली बहुतेक विद्यार्थी. घरं दाटीची, भाडी चढी, सायकली असंख्य. अशा ठिकाणी मोकळी हवा खायची तर पाय आपोआप समुद्राकडे वळतात. धावणारे, सर्फबोर्ड काखेत मारून निघालेले, कुत्रा घेऊन फिरायला आलेले, परीक्षेनंतर नुसतेच वाळूत लोळणारे, सगळ्यांची वाट पश्चिमेकडच्या कोल ऑइल पॉइंटकडे जाते.

या टोकाचं नाव उगीच पडलेलं नाही. इथे समुद्रतळातून खनिज तेल आणि वायू आपणहून झिरपतात, आणि जगातल्या मोठ्या नैसर्गिक झिरपांमध्ये या जागेची गणना होते. वाळूत डांबराच्या गोळ्या सापडतात, अनवाणी चाललं तर तळव्यांना चिकटतात आणि तेल चोळल्याशिवाय निघत नाहीत. इथले मूळ रहिवासी चुमाश लोक याच डांबराने आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांधी बुजवत.

तेलाशी या गावाचं आणखी एक नातं आहे. २८ जानेवारी १९६९ रोजी सांता बार्बराच्या समुद्रात युनियन ऑइल कंपनीच्या विहिरीतून तेल उसळलं आणि किनारे काळे झाले, हजारो पक्षी मेले. त्या धक्क्यानंतर पुढच्याच वर्षी विद्यापीठाने पर्यावरण अभ्यासाचा स्वतंत्र अभ्यासक्रम काढला. म्हणजे ज्या गावात ही हकिकत घडते, ते पर्यावरणाच्या बाबतीत अडाणी गाव नव्हे. इथले लोक मोर्चे काढतात, सह्या गोळा करतात, तेल कंपन्यांशी भांडतात. आणि हेच लोक संध्याकाळी कुत्र्याचा पट्टा सोडून त्याला पक्ष्यांच्या थव्यामागे धावताना कौतुकाने बघत असत. मला या प्रकरणात सर्वांत जास्त रस वाटला तो इथे. दुष्ट माणूस शोधायचा म्हटलं तर सापडत नाही.

कोल ऑइल पॉइंटचा परिसर १९७३ पासून विद्यापीठाच्या नैसर्गिक राखीव क्षेत्रांमध्ये मोडतो. दीडशे एकरांहून थोडी जास्त जागा, तिच्यात वाळूची टेकाडं, डेव्हरो नावाचं खाजण आणि त्याचं समुद्राला मिळणारं तोंड. वर्षातला बराच काळ हे तोंड वाळूच्या बांधाने बंद असतं आणि हिवाळी पावसाचा लोंढा आला की फुटतं. या तोंडाच्या आसपासची वाळू सपाट, रुंद आणि कोरडी. प्रश्न नेमक्या याच वाळूचा होता.

पक्षी कोण

स्नोई प्लव्हर हा चिमणीएवढा पक्षी, वजन चाळीस-पन्नास ग्रॅम. पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, गळ्याशी अर्धवट तुटलेली काळी पट्टी. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या केंटिश चिखल्याचा हा इतका जवळचा भाऊबंद, की २०११ पर्यंत पक्षीशास्त्रज्ञ दोघांना एकाच जातीत धरत.

घरटं म्हणजे वाळूत पोटाने केलेला खळगा. त्यात साधारण तीन अंडी, वाळूवर ठिपके पडावेत तशी. उबवायला जवळजवळ चार आठवडे लागतात. पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत चालू लागतात आणि स्वतःचं अन्न स्वतः टिपतात. आई-बापांनी भरवायचं नसतं, फक्त राखण करायची. तीही बहुतेक वेळा बाप करतो. मादी पिल्लं त्याच्या हवाली करून दुसरा जोडीदार शोधायला जाते. महिनाभराने पिल्लं उडू लागतात. तोवर धोका आला की त्यांच्याकडे उपाय एकच, वाळूला चिकटून निपचित बसणं. माणसाच्या पायाखाली येण्यासाठी याहून सोयीची सवय नसेल.

हिवाळ्यात हे पक्षी थव्याने येतात आणि कोरड्या वाळूत विसावा घेतात. वारा लागू नये म्हणून पुष्कळदा माणसांच्या पावलांच्या ठशांतच बसतात. लाटांनी आणून टाकलेल्या समुद्रशैवालाच्या राशींवर माश्या आणि वाळूतल्या उड्या मारणाऱ्या किड्यांची चंगळ असते, तेच यांचं खाणं. किनारा ‘स्वच्छ’ करायला म्हणून यंत्राने शैवाल ओढून नेलं, की यांचं ताट उचललं.

अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर या पक्ष्याची घरटी करण्याची ठिकाणं विसाव्या शतकात झपाट्याने कमी झाली. १९९३ साली केंद्र सरकारने किनारपट्टीवरच्या या पक्ष्यांना धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. १९९९ मध्ये त्यांच्यासाठी अत्यावश्यक अधिवास ठरवले गेले. सँड्स किनाऱ्यावर त्या वेळी काय स्थिती होती? हिवाळ्यात थवे येत होते, पण घरटं कुणी करत नव्हतं. फार पूर्वी इथे घरटी होत, मग वर्दळ वाढली आणि काही दशकं ती बंदच पडली.

आधी मोजणी

इथे केव्हिन लॅफर्टी या परिसंस्था-शास्त्रज्ञाचं काम येतं. तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा. त्याने किनाऱ्यावर बसून नोंदी घेतल्या: कोण आलं, किती जवळ आलं, पक्षी जागेवरून हलला की उडाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासाचे आकडे बोलके आहेत.

या सार्वजनिक किनाऱ्यावर पक्ष्यांना होणारा त्रास राखीव किनाऱ्यांच्या तुलनेत १६ पट होता. हिवाळी पक्षी साधारण ४० मीटरवर माणूस आला की बिचकत, तर अंड्यांवरचे पक्षी ८० मीटरवरच बिचकतात अशी नोंद आधीच्या अभ्यासांत होती. माणसापेक्षा कुत्रा, घोडा आणि कावळा आला की ते उडून जाण्याची शक्यता जास्त. किनाऱ्यावर उतरणाऱ्या पायवाटांच्या तोंडाशी पक्षी विरळ. वर्दळ वाढली की टिपण्याचा वेग मंदावे. ‘होते हो त्यांना सवय’ हे आपलं आवडतं समाधान. थोड्या काळाच्या निरीक्षणात तरी पक्षी सरावलेले दिसले नाहीत, आणि दुसरीकडे निवांत जागाही त्यांना मिळत नव्हती.

त्याच किनाऱ्यावरच्या सगळ्या पक्ष्यांवरचा त्याचा दुसरा अभ्यास यापेक्षा वेगळ्या कारणाने वाचनीय आहे. सरासरी दर किलोमीटरला १०० पक्षी, १८ माणसं आणि २ कुत्री असत. निरीक्षणाच्या छोट्या अवधीत माणसांपैकी १० टक्क्यांनी पक्ष्यांना विचलित केलं, कुत्र्यांपैकी ३९ टक्क्यांनी. म्हणजे दहातली नऊ माणसं पक्ष्यांना काही न करता निघून जात होती. ‘माणूस आला की निसर्ग संपला’ असा सूर लावणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड करू नये. बहुतेक पक्षी जरा बाजूला होऊन पुन्हा कामाला लागत, आणि किनाऱ्याचा त्यांचा एकूण वापर माणसांमुळे फारसा बदलत नव्हता. अडचण मोजक्याच जातींची होती. ज्यांना कोरड्या वाळूत बसूनच राहायचं आहे, त्यांना बाजूला सरकून चालत नाही.

या नोंदींवरून लॅफर्टीने एक गणिती प्रतिमान बसवलं आणि निरनिराळे उपाय त्यात घालून पाहिले. उत्तर आलं ते असं: कुत्र्यांना मनाई आणि ४०० मीटर किनाऱ्याभोवती ३० मीटरची मोकळी पट्टी. पक्ष्यांना सर्वांत जास्त संरक्षण आणि लोकांच्या फिरण्याला सर्वांत कमी तोशीस, असा मेळ इथे बसत होता.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या वाक्याच्या उत्तरार्धात आहे. ‘पक्ष्यांसाठी सर्वांत चांगलं काय’ एवढंच विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं, किनारा बंद करा. ते अमलात आलं नसतं आणि येऊही नये. कॅलिफोर्नियात भरतीरेषेखालची ओली वाळू सार्वजनिक आहे, आणि समुद्रापर्यंत जाण्याच्या हक्काला राज्यघटनेचा आणि १९७६ च्या किनारा कायद्याचा आधार आहे. वीस हजार तरुणांच्या वस्तीला तिच्या एकमेव ऐसपैस अंगणातून हाकलणं कायद्याने अवघड होतं आणि माणुसकीच्या दृष्टीनेही चुकीचं. पण चालणाऱ्याला ओली, घट्ट वाळूच बरी वाटते आणि पक्ष्याला हवी असते कोरडी, भुसभुशीत. दोघांच्या गरजांची जागा मुळात वेगळी होती. सरमिसळ व्हायची ती सवयीने, पायवाट जिथे उतरते तिथून सरळ पाणी गाठण्याच्या घाईत.

दोरी आणि माणसं

२००१ मध्ये दोरी लागली. राखीव क्षेत्राची संचालक क्रिस्टिना सँडोव्हाल हिचं मूळ संशोधन किड्यांवरचं. कॅलिफोर्नियातल्या एका काडीकिड्याच्या जातीचं टिमेमा क्रिस्टिनी हे नाव तिच्यावरूनच पडलं आहे. लॅफर्टीचे आकडे आणि तिच्याकडचा रोजचा कारभार अशी ही जोडी जमली.

नुसत्या दोरीने काही झालं नसतं, असं मला वाटतं. दोरीसोबत प्रशिक्षित स्वयंसेवक उभे राहिले, काही विद्यार्थी, काही गावातले निवृत्त लोक. ठरलेल्या वेळी यायचं, दुर्बीण लावायची, येणाऱ्याला पक्षी दाखवायचा, खालच्या ओल्या वाळूवरून जायला सांगायचं, कुत्रा मोकळा असेल तर पट्टा लावायची विनंती करायची. दंड करण्याचा अधिकार त्यांना नाही. काम दिसायला सोपं, पण तासन्तास वाऱ्यात उभं राहून तेच ते हसतमुखाने सांगणं म्हणजे काय, हे गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरलेल्या कार्यकर्त्याला विचारा.

दुर्बिणीतून दाखवण्याचं महत्त्व मला फार वाटतं. नुसत्या डोळ्यांना ही वाळू रिकामी दिसते. ‘कशासाठी अडवताय, इथे तर काहीच नाही’ हा पहिला प्रश्न असतो आणि तो प्रामाणिक असतो. दुर्बिणीला डोळा लावला की त्याच रिकाम्या वाळूत तीस-चाळीस पक्षी एकाच दिशेला तोंड करून बसलेले दिसतात. त्यानंतर वाद घालायला फारसं उरत नाही. शिवाय येणाऱ्याच्या फिरण्यातून काही काढून घेतलं जात नाही, एक नवी गोष्ट त्याला मिळते. फलक हे करू शकत नाही. आपल्याकडच्या ‘येथे कचरा टाकू नये’च्या पाट्यांखालचे कचऱ्याचे ढीग ज्याने पाहिलेत त्याला हे वेगळं सांगायला नको.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र प्रतिमानाचा सल्ला पूर्णपणे उतरला नाही. सरसकट मनाईऐवजी भर राहिला तो पट्टा बांधण्यावर. हा व्यवहारी तडजोडीचा भाग होता. तिथे लोकांची कुत्र्यांवरची माया आणि मोकळ्या किनाऱ्यावर त्यांना पळवण्याची सवय, दोन्ही पक्की.

लाव्याच्या अंड्यांचा प्रयोग

दोरी लागल्यावर आधी आणि नंतर असं तोलून पाहणारा अभ्यास लॅफर्टी, डार्सी गुडमन आणि सँडोव्हाल यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. दोरीमुळे पक्ष्यांना होणारा व्यत्यय निम्म्याहून जास्त घटला. पक्ष्यांची संख्या वाढली आणि त्यांचं बसणं आक्रसून राखलेल्या भागात आलं.

त्यातली एक नोंद मला आकड्यांपेक्षाही पटणारी वाटते. सकाळी काही पक्षी दोरीबाहेर असत. दिवस वर येऊन माणसं येऊ लागली की ते दोरीच्या आत सरकत. ‘आधी आणि नंतर’च्या कोणत्याही तुलनेवर शंका घेता येते: कदाचित त्या वर्षी सगळीकडेच पक्षी वाढले असतील, पाऊस वेगळा झाला असेल, शैवाल जास्त आलं असेल. शेजारी तसाच दुसरा किनारा, विनादोरीचा, ताडून पाहायला नव्हता. पण एकाच दिवसात, माणसांच्या येण्याबरोबर पक्षी रेषा ओलांडून आत जातात हे दिसलं की कारण शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळा सकाळपासून दुपारपर्यंत बदलत नाही.

आणि मग तो प्रयोग. दोरीबाहेर घरटं केलं तर ते पायाखाली जाण्याचा धोका किती? खरी घरटी पणाला लावून हे तपासता येत नाही, म्हणून लाव्याची अंडी वापरली गेली. निष्कर्ष असा की राखलेल्या भागाबाहेर घरटं तुडवलं जाण्याचा धोका दिवसाला ८ टक्के.

आठ टक्के ऐकून कुणी दचकत नाही. शंभरातली ब्याण्णव घरटी तर शाबूत राहिली की. पण चार आठवड्यांचं गणित करून बघा. शंभर घरट्यांपैकी आठवड्याने ५६ उरतात, दोन आठवड्यांनी ३१, तिसऱ्या आठवड्याअखेर १७ आणि चौथ्याच्या शेवटी, पिल्लं बाहेर पडायच्या वेळी, जेमतेम १०. यात कावळे नाहीत, रात्री अंडी शोधत फिरणारे स्कंक नावाचे छोटे प्राणी नाहीत, उधाण नाही, फक्त माणसांची येजा. आणि त्या नव्वद घरट्यांपैकी एकही कुणी जाणूनबुजून मोडलेलं नसेल. ज्याच्या पायाखाली अंडं गेलं त्याला ते कळलंही नसेल. आपला एकट्याचा फेरफटका निरुपद्रवीच असतो, हे खरं. महिनाभराच्या अशा फेरफटक्यांची बेरीज करायला कुणी तिथे थांबलेलं नसतं, म्हणून लोकांना पटवणं अवघड जातं. संशोधकांनीही आपल्या निबंधाची सुरुवात याच अडचणीपासून केली आहे.

दोरी लागण्यापूर्वी या किनाऱ्यावर स्नोई प्लव्हरची वीण होत नव्हती. दोरी लागल्यावर ती सुरू झाली, वर्षागणिक वाढत गेली, आणि उडण्यापर्यंत पोचणाऱ्या पिल्लांचं प्रमाणही चांगलं राहिलं. घरट्यांसाठी बाहेरून पक्षी आणून सोडले नव्हते, वाळूत काही पेरलं नव्हतं. हिवाळ्यात येणाऱ्यांपैकीच काही वसंतात मागे राहिले.

न सुटलेलं

माणूस बाजूला झाला की बाकीचे हिशेब पुढे येतात. कावळे अंडी आणि पिल्लं दोन्ही उचलतात. त्याच किनाऱ्यावरच्या अभ्यासात कावळे आणि पाश्चिमात्य कुरव यांची संख्या वस्तीच्या कचऱ्यामुळे वाढत असावी, याला थोडाफार पुरावा मिळाला होता. म्हणजे इस्ला व्हिस्टातल्या शनिवार रात्रीच्या पार्टीचे उरलेले पिझ्झे रविवारी किनाऱ्यावर भोवतात, ते पिझ्झे खाणारा किनाऱ्याकडे फिरकला नाही तरी. दोरीने यावर काही इलाज होत नाही. रात्री स्कंक येतात, त्यांना अंड्यांचा वास पुरतो. मग शिकारी प्राण्यांवर लक्ष ठेवणं आलं, घरट्यांची रोजची नोंद आली. सोडून दिलेली अंडी आणि पिल्लं सांभाळायला सांता बार्बराचं प्राणिसंग्रहालय पुढे आलं. चारशे मीटर दोरीपासून सुरू झालेलं काम असं वाढत जातं आणि कधी संपत नाही. ‘एकदा संरक्षण दिलं की निसर्ग आपला आपण सावरतो’ हे इथे खरं ठरलं नाही. शहराला लागून असलेल्या जागी ते खरं ठरण्याची शक्यताही कमीच.

मनुष्यबळाची अडचण वेगळी आहे. विद्यार्थी हे या योजनेचं बळ आणि तोच तिचा कच्चा दुवा. चार वर्षांत ते निघून जातात. नवे येतात त्यांना दोरी माहीत नसते, पक्षी माहीत नसतो, त्यामुळे प्रशिक्षणाचं चक्र सतत फिरतं ठेवावं लागतं. गावातले कायमचे रहिवासी स्वयंसेवकांत नसते तर हे चक्र कधीच अडकलं असतं, असा माझा कयास आहे.

आणि तेल आहेच. १९ मे २०१५ रोजी पश्चिमेला रेफ्युजिओ किनाऱ्याजवळ जमिनीवरची तेलवाहिनी फुटली, ऐन विणीच्या हंगामात. त्या दिवसांत कोल ऑइल पॉइंटवरही तेल माखलेले प्लव्हर दिसले. एवढ्या निगुतीने राखलेल्या चारशे मीटरांचं भवितव्य दुसऱ्या कुणाच्या गंजलेल्या नळीवर अवलंबून असू शकतं.

एक गोष्ट मात्र या गावाने पुढे आणखी मोठ्या प्रमाणावर केली. डेव्हरो खाजणाच्या वरच्या भागात १९६०च्या दशकात भराव टाकून गोल्फचं मैदान केलं होतं. ते २०१३ मध्ये एका विश्वस्त संस्थेने विकत घेऊन विद्यापीठाला दिलं, आणि २०१७ पासून भराव उपसून तिथे पुन्हा खाजण करण्याचं काम सुरू झालं. लोकांसाठी पायवाटाही आखल्या. दोरीमुळे फिरण्याची जागा चारशे मीटरने कमी झाली असं कुणी म्हणत असेल, तर गोल्फच्या मैदानाने ती कितीतरी पटींनी परत केली. फरक एवढाच की खाजण परत आणायला मोठी यंत्रं आणि भरपूर पैसा लागतो, दोरीला खुंट्या आणि माणसं.

कोकणातून पाहताना

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काम म्हणजे वेळासचं. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांबरोबर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पर्यटक गावातल्या घरांत उतरतात, मोदक खातात, पिल्लं समुद्रात जाताना बघतात. त्यातलं यश मोठं आहे. पण कासवाची अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरता येतात, किनाऱ्यावरची बाकीची वर्दळ तशीच राहिली तरी चालतं. चिखल्याचं तसं नाही. त्याची अंडी हलवता येत नाहीत आणि हिवाळी थव्याचा विसावा तर कुठल्याच कुंपणात नेऊन ठेवता येत नाही. त्याच्यासाठी माणसाच्या चालण्याची रेषा बदलावी लागते, आणि तेवढं आपण अजून कुठल्याही किनाऱ्यावर करून पाहिल्याचं मला आठवत नाही.

दापोलीचं उदाहरण घ्या. कोकण कृषी विद्यापीठाचं गाव, आणि तिथून मुरुड, हर्णे, कर्दे, आंजर्ले सगळे गाडीने थोड्या वेळावर. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या पर्यटनाचा हंगाम, आणि केंटिश चिखले उत्तरेकडून येऊन इथल्या वाळूवर बसतात तेही याच महिन्यांत. घोडागाड्या, भरधाव सोडलेल्या जीपा, मोकाट कुत्री आणि सेल्फीसाठी थव्यात धावत जाणारी पोरं, सगळं एकाच वाळूवर. इथे पक्ष्यांना किती त्रास होतो, असं विचारलं तर प्रत्येकाकडे मत आहे. आकडा मात्र हाताशी नाही.

तो मिळवायला फार काही लागत नाही. प्राणिशास्त्राच्या एका वर्गाने डिसेंबरमधल्या काही सकाळी, शनिवार-रविवार आणि मधले वार दोन्ही धरून, एका ठरलेल्या टापूत बसावं. दुर्बीण, घड्याळ आणि वही. तासाभरात थवा किती वेळा उठला, कशामुळे उठला, ते किती पावलांवर होतं, पुन्हा कुठे बसला. माणूस, कुत्रा, गाडी, घोडा, कावळा असे पाच रकाने पुरतात. पाण्याच्या कडेने चालणाऱ्यांमुळे किती आणि कोरड्या वाळूतून जाणाऱ्यांमुळे किती, हे वेगळं लिहावं, कारण दोरी बांधायचीच झाली तर ती कुठे बांधायची हे त्यावरून ठरेल. आणि गाड्यांचा रकाना सर्वांत जास्त भरला, असा माझा अंदाज आहे, तर मग दोरीच्याही आधी करायचं काम वेगळंच निघेल.